बेपत्ता : ‘रामदास’ बोटीचा अपघात आणि अष्टागरातील समाचाराची रीत

गुन्ह्याचा किंवा अपघाताचा आघात झालेल्या माणसास समाजाने आधार द्यावा, या कल्पनेचा इतिहास बहुधा पाश्चात्त्य देशांतील कायद्यांपासून सांगण्याचा प्रघात आहे. इंग्लंडमधील मार्जरी फ्राय या समाजसुधारक विदुषीने १९५० नंतरच्या दशकात, गुन्ह्यास बळी पडलेल्यांना सरकारने भरपाई द्यावी असा आग्रह धरला. न्यूझीलंडने १९६३ मध्ये तसा कायदा केला, ब्रिटनने १९६४ मध्ये तशी योजना आखली. पुढे १९७४ मध्ये ब्रिस्टल शहरी स्वयंसेवकांनी पीडिताच्या घरी जाऊन त्याची विचारपूस करावी अशी व्यवस्था प्रथम उभी राहिली. आणि २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पीडितांविषयीचे घोषणापत्र संमत केले. हा क्रम खरा आहे. परंतु तो कचेऱ्यांचा इतिहास आहे. ब्रिस्टल येथे जे नवे म्हणून गणले गेले, ते अष्टागरातील कोणत्याही गावात नवे वाटले नसते. आघात झालेल्या घरी जाऊन बसणे यास तेथे ‘समाचारास जाणे’ असे साधे नाव पूर्वीपासून होते. प्रश्न रीत होती की नव्हती हा नसून, ती कोणापर्यंत पोचत होती आणि कोठे थांबत होती, हा आहे. त्या प्रश्नाचे उत्तर १७ जुलै १९४७ रोजी मुंबई-रेवस मार्गावर बुडालेल्या ‘रामदास’ बोटीच्या अपघातात जितके स्पष्ट दिसते, तितके या किनाऱ्याच्या अर्वाचीन इतिहासात अन्यत्र क्वचितच दिसेल.

अलिबागच्या दक्षिणेस साखरची खाडी ओलांडली की प्रथम अक्षी, नंतर नागाव, आणि त्यापुढे चौल व रेवदंडा अशी गावे लागतात. जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाले. त्यापूर्वी तो कुलाबा. नारळ-सुपारीच्या वाड्या, वाडीतच घर, घरामागे विहीर आणि वाडीपलीकडे सुरूचे बन व समुद्र, अशी नागावची ठेवण आहे. वाडीच्या उत्पन्नावर सगळ्या भावांचे भागत नसल्यामुळे घरातील एक-दोन कर्ते पुरुष मुंबईस गिरणीत, गोदीत, पेढीवर किंवा कचेरीत असावयाचे, हा सर्व अष्टागराचा परिपाठ होता. मुंबई समुद्रमार्गे जवळ आणि जमिनीवरून दूर. त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून रेवस, रेवसहून मोटारीने अलिबाग आणि तेथून गाव, हीच घरची वाट. या वाटेवरील बोट बुडणे याचा अर्थ एखाद्या वाहनाचा अपघात एवढाच नव्हता. अनेक गावांच्या मिळकतीचा आधार एका सकाळी नाहीसा होणे, असा तो होता.

फुटलेल्या गलबतावरील माणसांस आश्रय देण्याची या किनाऱ्याची आठवण फार जुनी आहे. बेने इस्राएल समाजाच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागच्या उत्तरेकडील नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्यास लागले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते तेथेच पुरण्यात आली. (नवगाव व नागाव ही दोन भिन्न गावे आहेत, नामसादृश्यामुळे पुष्कळदा त्यांचा घोटाळा केला जातो.) या घटनेचा काळ निश्चित करता येत नाही, आणि कथेतील सात या संख्येवर इतिहासकाराने भार देऊ नये हेच बरे. परंतु परंपरा काय जतन करते ते पाहण्याजोगे आहे. वाचलेल्यांस गावांनी राहू दिले. ते तेल गाळण्याचा धंदा करू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाऊ लागले, आणि किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांची नावे त्यांनी आडनावे म्हणून धारण केली. म्हणजे आपद्ग्रस्तास मिळालेले साहाय्य हे दान नव्हते, तर स्थान होते: धंदा, नाव आणि गाव. ज्यास गावाचे नाव मिळाले, त्याचा समाचार घेणे हे त्यानंतर गावाचे कर्तव्य झाले.

‘समाचार’ या शब्दाचा प्रवास या दृष्टीने उद्बोधक आहे. वार्ता हा त्याचा एक अर्थ, आणि हिंदीत तोच मुख्यत्वे रूढ आहे. मराठीत मात्र आजारी किंवा शोकग्रस्त माणसाची जाऊन विचारपूस करणे या अर्थी तो स्थिरावला. आणि विचारपूस करण्याचा अधिकार असणाराच खडसावूही शकतो म्हणून की काय, ‘समाचार घेणे’ यास झाडाझडती घेण्याचाही अर्थ आला. या तिन्ही अर्थांच्या मुळाशी नाते गृहीत धरलेले आहे. परक्याचा समाचार कोणी घेत नाही. ‘दुखवटा’ या शब्दाचीही गोष्ट तीच. सुतक असलेल्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारून पिठले-भात येतो. दिवस झाल्यावर आप्तजन वस्त्र देऊन किंवा आपल्या घरी जेवावयास नेऊन दुखवटा काढतात, आणि शोकग्रस्त मनुष्य पुन्हा व्यवहारात येतो. कोणी कोणत्या दिवशी काय करावयाचे हे भावकीस व सोयऱ्यांस ठाऊक असते. आजच्या परिभाषेत ज्यास संकटकालीन मानसिक आधार म्हणतात, त्याचे बहुतेक घटक या क्रमात आहेत. त्यात शोकग्रस्तास मागणी करावी लागत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. तो ज्याच्यापाशी भावकी नाही त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतो, हा त्याचा तितकाच मोठा दोष.

‘रामदास’ ही ‘इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनी’ची बोट. स्वदेशीच्या चळवळीच्या वातावरणात, परकीय कंपन्यांशी स्पर्धा करण्यासाठी ही कंपनी निघाली, आणि कोकणातील लोक तिला ‘माझी आगबोट कंपनी’ असे म्हणत. ‘माझी’ हे सर्वनाम येथे महत्त्वाचे आहे. कंपनीकडेही लोक नात्याच्याच दृष्टीने पाहत होते. तिच्या बोटींस ‘तुकाराम’, ‘रामदास’ अशी संतांची नावे असत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी वादळात सापडून एकाच दिवशी बुडाल्या होत्या, आणि तो घाव किनारा विसरला नव्हता. ‘रामदास’ त्या मानाने नवी, १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये बांधलेली होती.

१७ जुलै १९४७ हा गुरुवार होता. आषाढी अमावास्या आलेली, त्यामुळे सणास घरी जाणाऱ्यांची गर्दी. सकाळी आठच्या सुमारास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. सातशेच्या आसपास माणसे तीवर होती. थोड्याच वेळात वारा व पाऊस यांनी जोर धरला. काशाच्या खडकाजवळ बोट आली असता बाजूने आलेल्या लाटेने ती कलली, घाबरलेले उतारू एका अंगास धावले, आणि काही मिनिटांत ती उलटून बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई बंदरापासून अवघ्या काही मैलांवर सहाशेहून अधिक माणसे बुडाली असता त्या बंदरात दुपारपर्यंत कोणास काहीही ठाऊक नव्हते. तरंगत किनाऱ्यास लागलेल्या उतारूंच्या तोंडूनच ती वार्ता शहरास कळली. त्यांत एक लहान वयाचा मुलगाही होता. देश स्वतंत्र होण्यास तेव्हा एक महिना उरला होता. वृत्तपत्रांचे रकाने फाळणीच्या व सत्तांतराच्या वार्तांनी भरलेले होते, आणि राज्ययंत्र एका हातातून दुसऱ्या हातात जात होते.

वाचलेल्यांपैकी बरेचसे वाचले ते रेवसच्या कोळ्यांमुळे. मासळी घेऊन मुंबईच्या बाजारास निघालेल्या होड्या त्यांनी अपघाताच्या ठिकाणी वळविल्या आणि पाऊणशेच्या आसपास माणसे बाहेर काढली. होडीत जागा व्हावी म्हणून मासळी समुद्रात टाकून दिली, असे किनाऱ्यावर आजही सांगितले जाते. पाण्यातून कोणास काढावयाचे हे त्यांनी जात, गाव किंवा धर्म पाहून ठरविले नाही. तसा अवकाशही नव्हता. दर्यावर बुडत्यास होडीत घेणे हा कोळ्यांच्या रीतीचा भाग आहे, आणि तेथे ती रीत गावकीच्या मर्यादेपलीकडे जाते. येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. वाचविण्यात नाते पाहिले गेले नाही. समाचारात मात्र ते पाहिले गेले. बाहेर काढलेला माणूस किनाऱ्यास लागेपर्यंत केवळ माणूस होता. किनाऱ्यास लागल्यावर तो कोणाचा तरी मुलगा, कोणत्या तरी गावचा असा झाला, आणि पुढचे सर्व त्यावर अवलंबून राहिले.

अपघाताने तीन प्रकारचे दुःखित मागे ठेवले. पहिले, जे स्वतः वाचले. दुसरे, ज्यांच्या माणसाचे प्रेत किनाऱ्यास लागून ओळखता आले. त्यांच्यासाठी समाचाराची रीत तयार होती: दहन किंवा दफन, सुतक, दुखवटा. तिसरा वर्ग सर्वांत कठीण अवस्थेत होता. ज्यांचा माणूस मुंबईहून निघाला होता, घरी पोचला नव्हता आणि कोठे सापडलाही नव्हता, त्यांच्या बाबतीत ‘बेपत्ता’ हा शब्द वापरावा लागतो. ‘बे’ हा फारसी उपसर्ग, ‘पत्ता’ देशी. ज्याचा ठावठिकाणा नाही तो बेपत्ता. परंतु नागावच्या एखाद्या घरातील मुलाचा पत्ता अवघ्या गावास ठाऊक होता. बेपत्ता तो झाला सरकारदरबारी.

त्याचे कारण फार साधे होते. बोटीच्या तिकिटावर उतारूचे नाव नसे. किती तिकिटे खपली हे मोजता येत होते, कोण चढले हे नव्हे. विनातिकीट चढलेल्यांची तर तीही मोजणी नाही. म्हणूनच उतारूंची व मृतांची संख्या निरनिराळ्या वृत्तांतांत थोडीफार निरनिराळी आढळते. या फरकास संशोधक सामान्यतः साधनांतील विसंगती समजून एक आकडा निवडतात व पुढे जातात. वस्तुतः ती विसंगती हाच पुरावा होय. कोणाही अधिकाऱ्याजवळ ज्यांची नावे नव्हती अशी शेकडो माणसे त्या बोटीवर होती, हे ती सांगते.

कायद्याची बाजू पाहिली असता हे किती गंभीर होते ते ध्यानात येते. १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमान्वये, दुसऱ्याच्या दोषामुळे मृत्यू आल्यास पत्नी, पती, आईबाप व मुले यांच्या वतीने नुकसानभरपाईचा दावा करता येत होता. या यादीत भाऊ नाही. ज्या प्रदेशात मुंबईस राहणाऱ्या भावाच्या पैशावर वाडी चालत होती, तेथे कायद्याचे कुटुंब भावकीहून पुष्कळ अरुंद होते. शिवाय मृत्यू सिद्ध व्हावयास हवा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे सात वर्षे ज्याची काही वार्ता नाही तो हयात आहे असे म्हणणाऱ्यावर शाबितीचा भार पडत असे. (ही सात वर्षांची मुदत सतराव्या शतकातील इंग्लिश कायद्यांतून आलेली आहे, तेथेही तिचा संबंध समुद्रापार गेलेल्या माणसांशीच होता.) बोट बुडाल्यासारख्या प्रसंगी न्यायालयास परिस्थितीवरून मृत्यूचे अनुमान करता येते, त्यासाठी सात वर्षे थांबावे असे नाही, परंतु तो मनुष्य त्या दिवशी त्याच बोटीवर होता हे आधी सांगता आले पाहिजे. धक्क्यावर निरोप देणारा किंवा सोबतीचा कोणी वाचलेला असेल तर साक्ष मिळे. जो एकटाच निघाला, त्याच्या घरच्यांनी काय दाखवावे?

धर्मशास्त्रानेही या अडचणीचा विचार केलेला आहे आणि त्याचे उत्तर कायद्याहून अधिक माणुसकीचे आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. प्रेत न मिळाल्यास पळसाच्या ३६० पानांची किंवा देठांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे, यास पालाशविधी किंवा पर्णशर म्हणतात. परदेशी जाऊन ज्याची वार्ता नाही त्याच्यासाठी बारा वर्षे वाट पाहण्याचा सामान्य संकेत आहे. परंतु मृत्यू निश्चित झाला असे कुटुंबाने मानले, तर विधी करून सुतक धरता येते आणि मग समाचाराची सर्व रीत सुरू होते. म्हणजे निर्णय कुटुंबाच्या हाती राहतो. मात्र त्या निर्णयाची किंमत सर्वांत अधिक द्यावी लागे ती पत्नीस. विधी झाला की ती विधवा. न झाला तर ती सवाशीण, पण घरात येणारा पैसा बंद झालेली. कुंकू पुसावयाचे की नाही हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. सासर, माहेर आणि भावकी मिळून तो सोडवीत, आणि वाडीतील तिच्या नवऱ्याच्या वाट्याचा प्रश्न त्याच उत्तराशी जोडलेला असे. गावकीच्या साहाय्याचे गुणगान करणाऱ्यांनी ही गोष्ट नजरेआड करू नये. समाचारास येणाऱ्यांतच वाटणीतील प्रतिस्पर्धीही असत.

त्या काळच्या राज्यव्यवस्थेकडे या बाईसाठी शब्दच नव्हता. हे विधान आलंकारिक नाही. अक्षीच्या प्रसिद्ध शिलालेखाच्या काळापासून पाहिले तर शिलाहारकालीन कोकणातील कितीतरी दानलेखांच्या शेवटी गद्धेगाळ कोरलेला असतो. दान मोडणाऱ्यास शाप आहे. ज्याचे दान मोडले त्याच्याविषयी काही नाही. पुढे दिवाणी-फौजदारीची मराठी घडली ती फारसीच्या साहाय्याने. ‘फिर्याद’ म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाक, आक्रोश. ‘दाद’ म्हणजे न्याय. न्यायालयात येता येता फिर्यादीतील आक्रोश नाहीसा झाला, अर्ज तेवढा उरला. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, पंच एवढी पात्रे कचेरीच्या मराठीत होती. ज्यावर आघात झाला तो यांपैकी एखाद्या पात्राचा वेष घेऊनच उभा राहू शके. अपघातात तर तोही वेष नाही. भारतीय फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पीडित’ या संज्ञेची व्याख्या आली ती २००८ च्या दुरुस्तीने, म्हणजे ‘रामदास’ बुडाल्यास साठ वर्षे उलटल्यानंतर. भरपाईसाठी राज्यांनी निधी उभारावा असेही त्याच दुरुस्तीत सांगितले गेले. मुंबईत मात्र त्याआधीच, १९८४ मध्ये, टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयाच्या आवारात स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला होता. ज्या इमारतीत फिर्याद लिहून घेतात तेथेच फिर्यादीचे ऐकून घेणारे माणूस बसवावे, हा त्यातील विचार. पुढे तो इतर जिल्ह्यांतही पोचला. २०१३ मध्ये महाराष्ट्र शासनाने बलात्कार व आम्लहल्ला यांना बळी पडलेल्या स्त्रिया व बालके यांच्यासाठी अर्थसाहाय्य आणि समुपदेशन यांची योजना काढली व तिचे नाव ‘मनोधैर्य’ ठेवले. शासकीय परिभाषा एरवी ओबडधोबड असते. या शब्दात तरी तिने समाचाराच्या मूळ हेतूची जाण ठेवली आहे.

या सर्व योजनांचा मोठा लाभ हा की, त्यांत भावकी लागत नाही. ज्या स्त्रीच्या विरुद्ध तिचीच भावकी उभी आहे, तीही अलिबागच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊ शकते. गावकीने हे कधीही केले नसते. परंतु कचेरीस अर्ज लागतो, आणि अर्जास नोंद लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले तेव्हा नागावच्या वाड्यांत नारळी-पोफळी उन्मळून पडल्या. भरपाईचे माप प्रथम हेक्टरी होते. ज्या वाडीची मोजणी पिढ्यान्‌पिढ्या झाडांवर होते, आणि जी गुंठ्यांनी असते, तिला हेक्टराचे माप काय लागू पडणार? पुढे झाडागणिक साहाय्याचा निर्णय झाला, तो बागायतदारांनी ओरड केल्यावर. वाडी म्हणजे काय हे कचेरीस सांगावे लागले. समाचारास येणाऱ्या शेजाऱ्यास ते सांगावे लागत नाही.

बेपत्ता माणसांचा प्रश्न मात्र या जिल्ह्यातून गेलेला नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर. इरशाळवाडीत चार दिवसांनी शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा २७ प्रेते मिळाली होती आणि ५७ माणसे बेपत्ता होती. ढिगाऱ्याखाली त्यांना तसेच राहू द्यावे की खणत राहावे, हा निर्णय गावकऱ्यांशी बोलून घ्यावा लागला. पालाशविधीच्या वेळी कुटुंबाकडे येणारा प्रश्न येथे कुटुंब आणि शासन यांच्यापुढे एकत्र आला. फरक एवढाच की इरशाळवाडीतील माणसांची संख्या २२८ असल्याचे शासनास सांगता आले; कोण रात्री घरी झोपले होते, कोणती मुले आश्रमशाळेत होती, कोण मजुरीस बाहेर गेले होते, हे वाचलेल्यांनी घर मोजून सांगितले, आणि त्यावरून ५७ चा आकडा नावांनिशी तयार झाला. ‘रामदास’वर चढलेल्यांची अशी घरमोजणी केवळ गावोगावच्या ओटीवर होऊ शकत होती, ती एकत्र करून उतरून घेणारी कचेरी १९४७ च्या त्या पावसाळ्यात नव्हती.